आधी पुरावा, मग भांडण

गेल्या हिवाळ्यात माझ्या ब्लॉगवरचा भरिताचा लेख एका दुसऱ्याच साइटवर शब्दन् शब्द सापडला आणि मी रागाच्या भरात त्यांना थेट मेल टाकला. संध्याकाळपर्यंत तिथली तारीख माझ्या लेखाच्या आठवडाभर आधीची झाली होती आणि चार वाक्यं इकडची तिकडे. आधीच्या पानाचा एक स्क्रीनशॉटही माझ्याकडे नव्हता. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: चोर सापडला की त्याला हाक मारू नका. आधी पुरावा घ्या.

लेख टाकताना नाव, तारीख, 'हक्क राखीव' हे तर टाकालच. राइट क्लिक बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. उचलणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, अडतो तो शेवभाजीचं साहित्य उतरवून घेणारा साधा वाचक. ब्लॉगचा फीड, म्हणजे नवे लेख आपोआप बाहेर पाठवणारी सोय, मात्र नक्की तपासा. त्यातून पूर्ण लेख जात असेल तर तो आपोआप उचलला जातो, माणूस लागतच नाही. सेटिंगमध्ये फक्त सारांश ठेवा.

फोटोवरचं नाव कोपऱ्यात नको. माझ्या फोटोत पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, होती, मावशीच्या हातात मुसळी, मनगटात हिरव्या बांगड्या. नाव खाली उजवीकडे. त्यांनी खालची पट्टी कापली, बांगड्या तशाच ठेवल्या. नाव अशा जागी हवं की ते कापलं तर बडगीच कापली जाईल. फोनमधली मूळ फाइलही जपा. तारीख-वेळेची नोंद तिच्यात असते, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत ती उरत नाही.

लेख टाकला त्याच दिवशी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या तारखेसकट प्रती जपणाऱ्या साइटवर, आपलं पान साठवा. फुकट आहे, आणि तिथली तारीख चोरालाही बदलता येत नाही.

आपलं काय आहे तेही नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, लिहिलं की हक्क आला. नोंदणी केली असेल तर कोर्टात ती सकृद्दर्शनी पुरावा धरली जाते. पण भरिताची कृती कुणा एकाची नाही, आणि आजीकडून ऐकलेली जात्यावरची अहिराणी ओवी तर नाहीच नाही. तुमचे आहेत ते तुमचे शब्द, तुमचे फोटो, ओवीचा तुम्ही लिहिलेला अर्थ. तेवढ्यावरच तक्रार करा, नाहीतर ती उभी राहत नाही.

अधूनमधून लेखातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. अहिराणी शब्द असलेलं घ्या, लवकर सापडतं. माझ्याकडून 'मुसळी'चं 'मुळसी' झालं होतं आणि त्यांच्या पानावरही 'मुळसी'च होतं. यापेक्षा बळकट पुरावा कुठला? पण मी माझ्याकडची चूक त्याच दुपारी दुरुस्त केली आणि तोही गेला. पुरावा हातात येईपर्यंत आपल्या लेखालाही हात लावू नका.

आणि सापडलं की? मेल नाही, फोन नाही, ग्रुपवर बोंबाबोंब नाही. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वरचा पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असा. पानाची पीडीएफ करा. त्यांचं पानही वेबॅकवर साठवा, कारण नुसता स्क्रीनशॉट बनावट आहे असं कुणीही म्हणू शकतं. तिन्ही झालं? नसेल तर इथेच थांबा, पुढचं वाचूही नका.

पुढचं थोडक्यात. मुदत देऊन साधा मेल. उत्तर नाही आलं तर हूइजवरून, म्हणजे साइटची नोंद दाखवणाऱ्या सेवेवरून, होस्टिंग कंपनी शोधायची, म्हणजे जिच्या सर्व्हरवर ती साइट आहे ती. अमेरिकेतली असेल तर १९९८ च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली तक्रार. गूगलच्या निकालांतून काढण्यासाठी अर्ज वेगळा. आपल्याकडे २०१३ च्या कॉपीराइट नियमांत मधल्या कंपनीला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर साठवणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या कंपनीला, लेखी तक्रारीवर ३६ तासांत पावलं उचलायची असतात, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत दिसू शकतो. जाहिराती असतील तर त्या देणाऱ्या कंपनीलाही कळवा.

आणि पहिला मेल पाठवायच्या आधी तो स्क्रीनशॉट एकदा उघडून बघा, पत्ता नीट वाचता येतोय ना.