‘पातो’ म्हणजे फक्त बदक? या चुका टाळा

स्पॅनिश शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात ‘पातो म्हणजे बदक’ पाठ करतो. ॲपवर हिरवी टिक आली की विषय संपला! मग निस्तरायला आम्ही.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. मी पुण्यात एका कॉल सेंटरला होतो. शेजारच्या पोराने कुठल्याशा अर्जेंटिनी व्हिडिओत ऐकलं होतं, की पात्रिसिओ नावाच्या माणसाला लाडाने ‘पातो’ म्हणतात. तिकडे म्हणतातही. पण याच्या लाइनवरचा पात्रिसिओ होता पुएर्तो रिकोचा. गडी खुशीत बोलून गेला, ‘ओला (म्हणजे हॅलो), पातो!’ दोन सेकंद शांतता. मग पलीकडून जे सुरू झालं, ते हेडफोन काढून ठेवला तरी ऐकू येत होतं. पुएर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथे ‘पातो’ ही समलिंगी पुरुषाला हिणवायची शिवी आहे. तेव्हापासून मी वहीत अर्थाच्या आधी देश लिहितो. देश ठाऊक नसेल, तर तो अर्थ तोंडातून काढत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक ‘पागार एल पातो’. शब्दशः ‘बदकाचे पैसे देणे’. एकाने भाषांतरात चक्क हॉटेलचं बिल रंगवलं होतं! अरे, हे आपलं चोर सोडून संन्याशाला फाशी. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्येही हाच वाक्प्रचार चालतो. २०१५-१६ मध्ये साओ पावलोच्या उद्योजक संघटनेने करवाढीविरुद्ध अवाढव्य पिवळं बदक फुगवून उभं केलं, ते यावरूनच. शिवाय तिथे सहज गंडणारा माणूसही ‘पातो’च, म्हणजे आपला बकरा.

बाकीच्या पटापट. अर्जेंटिना-चिलीत कुणी ‘एस्तोय पातो’ म्हणालं, तर तो कडका आहे. उसने मागायच्या आत निघा. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलमध्ये ‘पातो’ म्हणजे युरिन पॉट. ‘मेतेर ला पाता’ म्हणजे घोळ घालणे. त्यातली ‘पाता’ बदकाची मादी नव्हे, जनावराचा पाय. अर्जेंटिनात १९५३ साली राष्ट्रीय खेळ ठरलेला ‘पातो’ घोड्यावर बसून, सहा मुठींच्या चेंडूने खेळतात. पूर्वी चेंडूच्या जागी टोपलीत जिवंत बदक असायचं.

आणि पोर्तुगीज मेनूकार्डावर ‘पेरू’ दिसला, तर फोडी आणि तिखट-मिठाची वाट बघू नका. येते ती टर्की.