फेअर की फाऊल? शालेय सॉफ्टबॉलच्या पंचांसाठी

बॅटने मारलेला चेंडू फाऊल, म्हणजे होम प्लेटकडून फर्स्ट आणि थर्ड बेसकडे जाणाऱ्या लाइनच्या बाहेर, झाला की मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायचं. फेअर, म्हणजे आत, असेल तर तोंड उघडायचं नाही. नव्या पंचाने एवढं पाळलं तरी बरेच वाद होतच नाहीत. दोन्ही शब्दांची सुरुवात 'फ'नेच होते, आणि नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानासारख्या गजबजलेल्या मैदानावर शेजारी क्रिकेटची आरडाओरड चालू असताना सेकंड बेसवरच्या रनरला तेवढंच ऐकू येतं. १४ वर्षांखालच्या मुली तर पंचाचा आवाज आला की जागच्या जागी थांबतात.

फाऊलचा इशारा: दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ, तळवे समोर, आणि मोठ्याने 'फाऊल बॉल'. फेअरचा इशारा: फेअरच्या बाजूचा एक हात खांद्याच्या उंचीवर पुरता ताणून मैदानाच्या आत दाखवायचा, आवाज शून्य. होम प्लेटकडून आउटफिल्डकडे पाहत उभे असाल तर फर्स्ट बेसच्या लाइनवर तो डावा हात असतो आणि थर्ड बेसच्या लाइनवर उजवा. डाव्या हातात मास्क आहे म्हणून उजवा हात अंगावरून आडवा नेऊ नका; लांबून तो कुठे दाखवतोय ते कळत नाही. फाऊलला मैदानाबाहेर एका हाताने बोट दाखवून भागवणारे पंच दिसतात. रनरची पाठ तुमच्याकडे असते, तिला ते बोट दिसत नाही.

निर्णयासाठी आधी जागा घ्यायची. बॅटला चेंडू लागताच डाव्या हाताने मास्क काढा, कॅचरच्या मागून बाहेर या, लाइन दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहा आणि चेंडूचा निकाल लागण्याआधी थांबा. धावता धावता पाहिलं तर डोकं हलतं आणि लाइनपासून चार बोटं बाहेरचा चेंडू आत दिसतो.

आता खरी मेख. होम प्लेट आणि फर्स्ट किंवा थर्ड बेस यांच्या दरम्यान जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूचा निर्णय तो कुठे पडला यावर होत नाही. तो थांबतो कुठे, त्याला पहिला स्पर्श कुठे होतो, किंवा बेस ओलांडताना तो कुठे असतो, ते पाहायचं. बाहेर पडलेला चेंडू फिरकी घेऊन आत येऊन थांबला तर फेअर. आत पडून, कुणाचा हात न लागता, बेसच्या अलीकडे बाहेर गेला तर फाऊल. वाटेत पिचर प्लेटला (चेंडू टाकणारीच्या पायाखालच्या पट्टीला) आपटून बाहेर गेला तरी फाऊलच. बेसच्या पलीकडे हिशेब बदलतो: उंच चेंडू पहिल्यांदा जिथे टेकला, तेच ठरवतं.

लाइन स्वतः फेअर आहे. होम प्लेटसुद्धा फेअर भागातच येते, त्यामुळे 'प्लेटला लागला म्हणजे फाऊल' हा पालकांचा लाडका नियम विसरा. बेसला लागलेला चेंडू पुढे कुठेही गेला तरी फेअर. दुहेरी बेस (फर्स्ट बेसच्या पांढऱ्या भागाला बाहेरून जोडलेला रंगीत भाग) लावला असेल तर पांढऱ्या भागाला लागलेला फेअर आणि नुसत्या रंगीत भागाला लागलेला फाऊल. फिल्डरचे पाय कुठे आहेत याला किंमत नाही. ती आत उभी राहून बाहेर ग्लोव्ह लांबवते आणि चेंडू सुटतो, तर स्पर्शाच्या वेळी चेंडू बाहेर होता, म्हणून फाऊल. बॅटर तिच्या बॉक्समध्येच (उभं राहण्याच्या चौकटीत) असताना तिच्याच अंगाला चेंडू लागला तरी फाऊल.

सगळ्यात महाग पडते ती घाई. हात वर गेले की खेळ थांबला, चेंडू मृत. नंतर तो आत वळला तरी फिल्डर आणि रनर थांबलेल्या असतात, मग कुणाला कुठे उभं करणार? म्हणून लाइनवरून रांगणाऱ्या चेंडूला थांबू द्या, प्रशिक्षक कितीही ओरडोत. फाऊल भागात उंच उडालेल्या चेंडूवर तर हात अजिबात वर करायचे नाहीत. झेल झाला तर बॅटर बाद, पण खेळ चालूच राहतो आणि रनर टॅग-अप करून (चेंडूला हात लागेपर्यंत बेसला पाय टेकवून) पळू शकते. चेंडू जमिनीला टेकला किंवा हातातून सुटला, मगच 'फाऊल बॉल'. लाइनजवळच्या झेलात चेंडू फेअर असेल तर आधी फेअर दाखवा, मग झेल की नाही ते.

फाऊल टिप वेगळी: बॅटला निसटता लागून चेंडू थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि पकडला गेला, तर ती स्ट्राइक, खेळ चालू. इथे हात वर केले तर बेस चोरणाऱ्या रनरवर अन्याय होतो.

आपल्याकडे बऱ्याच शालेय स्पर्धा पावसाळ्यात उरकतात, आणि काळ्या मातीवरची फक्की एका सरीत धुऊन जाते. सामन्याआधी होम प्लेटच्या मागच्या टोकापासून बेसच्या बाहेरच्या कडेने दोरी ताणून तशीच आउटफिल्डपर्यंत न्या आणि शेवटी बरोबर लाइनवर झेंडा रोवा. लाइन पुसली तरी प्लेट, बेस आणि झेंडा एका रेषेत पाहता येतात. बेस पूर्ण लाइनच्या आत बसला पाहिजे. बेसमधलं अंतर १८.२९ मीटर असेल तर होम प्लेट ते सेकंड बेस २५.८६ मीटर भरायला हवं. फर्स्ट ते थर्डही तेवढंच आलं नाही, तर कोन चुकला आहे. फक्कीची पिशवी हाताशी ठेवा, डाव संपला की लाइन पुन्हा मारा.

दोन पंच असतील तर कुठल्या लाइनवर कुठपर्यंत कोण बोलणार, हे नाणेफेकीआधीच ठरवून घ्या. दुसऱ्याच्या हद्दीत चेंडू गेला की आपले हात खालीच. फाऊलनंतर रनर आपापल्या बेसवर परतल्या आहेत आणि पिचर चेंडू घेऊन जागेवर उभी आहे, हे पाहिल्याशिवाय 'प्ले' म्हणू नका.