कोल्हापूर ते शिमला गाडीनं: आधी परतीचं ठरवा

आपण कागलला किंवा किणीला जातो तो रस्ता म्हणजे एन.एच. ४८, थेट दिल्ली ते चेन्नई. कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपासून दिल्ली सतराशे किलोमीटरच्या आसपास, पुढं चंदीगड, मग शिमला. लोक नकाशा घेऊन बसतात, मी कॅलेंडर घेऊन बसते आणि उलटं मोजते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पाऊस त्याच्याही आधी दारात येतो. म्हणून गाडी जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांत घरी लागलीच पाहिजे. तिथून मागं मोजत आलं की निघायची तारीख आपोआप निघते. मध्ये एक दिवस कुठंच न जायचा ठेवा. सासूबाईंचे पाय आणि पोरांची पोटं तो दिवस मागून घेतातच.

मुक्काम असे बांधा: वापी, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, अंबाला. पहिला टप्पा पाचशेच्या वर जातो, तो ताज्या दमात होतो. अहमदाबाद-उदयपूर मुद्दाम छोटा ठेवलाय. उदयपूर-जयपूर चारशेच्या आसपास आहे, पण मे महिन्यातल्या राजस्थानात तो दुपारी चालवायचा नाही. पहाटे साडेचारला निघा, जेवायच्या वेळेला खोलीत पोचा. एसी चालू असला तरी बाहेरची लू, म्हणजे तापलेला वारा, टायरला लागतेच. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दुपारी काटा जास्त दाखवतो म्हणून पंपावरचा पोरगा हवा सोडायला निघेल, त्याला हात लावू देऊ नका.

टोलचं एक आधी करून ठेवा. फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना), २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खासगी गाडीलाच मिळतो. एवढ्या लांबच्या जाण्यायेण्यात तो परवडतो. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो; मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याचा, तिथं नेहमीसारखे पैसे कटतात. म्हणून टॅगमध्ये वेगळी शिल्लक पाहिजेच. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३ लावायचा, हा नंबर मागं बसलेल्यांनाही पाठ पाहिजे.

डब्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. दशम्या दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण चटणी तर शिमल्यापर्यंत. भडंग मात्र कांदा न घालता न्या, कांदा वेगळा, खाताना चिरायचा. ढाब्यावरची दाल गोड लागायला लागली की आमच्याकडं चटणीचा डबा पुढं येतो. गुजरातेत तर पहिल्याच जेवणाला आला. धाकट्याला घाटात मळमळतं, त्याला कालका (इथून डोंगर सुरू होतो) सोडायच्या आधी तासभर काही देत नाही, आणि पुढच्या सीटवर बसवते. सासूबाई म्हणतात लाड आहेत. असू देत.

डोंगरात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवा. आपल्याला आंबा घाट, फोंडा घाट सवयीचे, म्हणून हिमाचल सोपा वाटतो. पण तिथली वळणं तासन्‌तास संपत नाहीत. शिमल्यात मॉल रोडवर गाडी नेता येत नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हॉटेल बुक करताना एकच विचारा: पार्किंगपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? कालका ते शिमला छोट्या रेल्वेगाडीतला एक दिवस पोरांसाठी राखून ठेवा. १९०३ सालची ही रेल्वे, ९६ किलोमीटरची. ड्रायव्हरलाही तेवढीच सुट्टी.

आता परतीचं. वायपरची रबरं निघायच्या आधी नवी घाला. उत्तरेतल्या उन्हात जुनी कडक होतात आणि वळवाचा पहिला तडाखा तुम्हाला नेमका येताना खंबाटकीत गाठतो. सुरतेहून एका दमात कोल्हापूर गाठायचं म्हणणारा वीर प्रत्येक घरात असतो. आमच्यात माझा दीर. त्याचं ऐकायचं नाही. शेवटचा मुक्काम पुण्यात, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात घरी. सातारा सोडलं की सगळ्यांना 'आता काय, आलंच' वाटतं, पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामाची डायव्हर्जनं रात्री दिसत नाहीत.

पुण्याहून निघताना शेजारच्या काकूंना फोन करा: टाकीची मोटर लावा, खिडक्या उघडा. त्यांच्याकडं आपली किल्ली आणि त्याबद्दल त्यांना अमृतसरी वड्यांचं पाकीट, हा हिशोब आधीच ठरलेला असतो. आल्या रात्री स्वयंपाक पिठलं-भाताच्या पुढं जायचा नाही. दूध हवं असेल तर गंगावेशचा दूध कट्टा आहेच. बॅगा मात्र त्याच रात्री रिकाम्या करा, लोकरीचे कपडे दुसऱ्या दिवशी उन्हात टाका. आठवडाभर थांबलात तर पाऊस येईल आणि ते दिवाळीपर्यंत कुबट वास मारतील.

गाडी त्याच आठवड्यात उद्यमनगरच्या गॅरेजला न्या. एअर फिल्टरमध्ये राजस्थानची धूळ, ब्रेक पॅडवर हिमाचलचे उतार, अलाइनमेंट हललेलं. पॅड बघून मिस्त्री "अजून चालतंय की ओ" म्हणाला, तर जाडी मोजून दाखवायला सांगा.