पुढे पाठवण्याआधी एक फोन

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर ‘ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज’ असा मेसेज आला. खाली रुग्णाच्या मुलाचा नंबर आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’ अशी विनंती होती. मी तो घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवला आणि आपल्या हातून काही चांगले घडले या समाधानात स्वयंपाकाला लागले. आमच्या शाळेतील ज्या शिक्षकांचा रक्तगट तोच होता, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “दादा, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. अजून फोन येतात.” ते ऐकल्यावर मला दिवसभर वर्गात लक्ष लागले नाही. तो फोन मी आदल्या संध्याकाळीच केला असता तर एक मिनिट लागले असते, आणि माझ्यामुळे त्या घरात आणखी एकदा ती आठवण निघाली नसती.

तेव्हापासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. कोणतीही गोष्ट ग्रुपवर, स्टेटसवर किंवा फेसबुकवर टाकण्याआधी ती ज्याच्याविषयी आहे त्याला आधी फोन करायचा, आणि फोन करणे शक्य नसेल तर ती गोष्ट टाकण्याची खरोखर गरज आहे का, हे पुन्हा पाहायचे. ही सवय घरात आणि नोकरीत कशी पाळता येते, ते माझ्या अनुभवातून सांगते.

मदतीच्या मेसेजपासून सुरुवात करू. मेसेजवर तारीख आणि रुग्णालयाचे नाव नसेल तर तो पुढे पाठवू नये, आणि असले तरी दिलेल्या नंबरवर बोलून गरज अजून आहे का हे विचारावे. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसत असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे एवढे नक्की समजावे. स्वतः असा मेसेज लिहिण्याची वेळ आली तर तारीख, वेळ आणि ‘गरज भागल्यावर मी येथेच कळवीन’ हे वाक्य आवर्जून लिहावे, आणि गरज भागताच तो ‘सर्वांसाठी डिलीट’ करावा. ही सोय पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच मिळते, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नये.

भीती पसरवणाऱ्या मेसेजच्या बाबतीत मात्र मी अधिक कठोर आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती, आणि मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोहोचली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. ॲपने एवढे केले तरी पाठवणारे बोट आपलेच असते. ‘खबरदारी म्हणून पाठवले’ असे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. गावात अनोळखी माणसे दिसली तर पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्यात फोन करावा. ग्रुपवर त्यांचा फोटो टाकू नये.

घरातील दुःखद बातमीबद्दल एक विनंती आहे. माणूस गेल्यानंतर तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ग्रुपवर येते, आणि परदेशात असलेल्या मुलीला वडील गेल्याचे चुलतभावाच्या स्टेटसवरून कळते, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणून घरातील एका जाणत्या माणसाने जवळच्या नातेवाइकांची यादी हाती घेऊन आधी सगळ्यांना फोन करावेत, आणि ‘आता ग्रुपवर टाकले तरी चालेल’ असे त्याने सांगेपर्यंत बाकीच्यांनी थांबावे. उशिरा वाहिलेली श्रद्धांजली कोणालाही खुपत नाही.

मुलांच्या फोटोंचेही असेच आहे. बक्षीस घेतानाचा फोटो टाकण्याआधी तो एकदा मोठा करून पाहावा: गणवेशावर शाळेचे नाव, गळ्यातील ओळखपत्र, मागे उभ्या असलेल्या व्हॅनचा नंबर, शेजारी दुसऱ्यांची दोन मुले. ओळखपत्राचा भाग कापून टाकावा आणि त्या दोन मुलांच्या आईवडिलांना विचारावे. मूल आठ-दहा वर्षांचे असेल तर त्यालाही विचारावे. माझ्या भाचीने एकदा “मावशी, हा नको” असे म्हटले होते आणि तिचे कारण अगदी योग्य होते.

नोकरीच्या ठिकाणी सर्वांत जास्त माणसे दुखावतात ती ग्रुपवर दाखवलेल्या चुकीमुळे. एका शाळेत मुख्याध्यापकांनी निकालपत्रकाचा फोटो लाल गोल काढून चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, “सातवी ब. पुन्हा तेच.” संबंधित शिक्षिकेने तो बसमध्ये उभ्याने वाचला. चूक एका विषयाच्या बेरजेची होती आणि दोन मिनिटांत दुरुस्त झाली, पण त्या बाई वर्षभर स्टाफरूममध्ये गप्प असत. चूक त्या व्यक्तीला फोन करून किंवा समोर बसवून सांगावी आणि कौतुक ग्रुपवर करावे, एवढे वरिष्ठांनी पाळले तरी कामाचे अर्धे ग्रुप शांत होतील. सूचना ज्याच्यासाठी आहे त्याचे नाव लिहून द्यावी. ‘ओके सर’ चाळीस वेळा लिहिण्याऐवजी अंगठ्याची खूण करावी, कारण त्या गर्दीत महत्त्वाची सूचना वर निघून जाते. रात्री नऊनंतर सुचलेले काम वहीत टिपून ठेवावे आणि सकाळी पाठवावे. खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, म्हणजे बाकीच्यांची झोप मोडत नाही.

स्वतःची मते मांडताना आपण कोणत्या नोकरीत आहोत याचे भान ठेवावे लागते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि समाजमाध्यमांच्या वापराबाबत जुलै २०२५ मध्ये शासनाने स्वतंत्र सूचना काढल्या. त्यांत वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आहे. खासगी नोकरीतही हे वेगळेपण उपयोगी पडते. फेसबुकवर पोस्ट फक्त मित्रांपुरती ठेवली तरी त्या मित्रांपैकी कोणीही तिचा स्क्रीनशॉट घेऊ शकतो, हे लिहितानाच गृहीत धरावे.

ग्रुपचे ॲडमिन असणाऱ्यांना एक दिलासा आहे: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही चुकीचा मेसेज दिसल्यास ॲडमिनने तो काढावा आणि पाठवणाऱ्याला चारचौघांत न सुनावता फोन करून का काढला ते सांगावे. वयस्कर सदस्यांच्या बाबतीत तर हे फार जपावे; सोसायटीतील एक काका ग्रुपवर झालेल्या अपमानामुळे गणपतीच्या आरतीलाही यायचे थांबले होते.

शेवटची गोष्ट पैशांची. ‘नवा नंबर आहे, अडचणीत आहे, लगेच वीस हजार पाठव’ असा मेसेज भावाच्या फोटोसह आला तरी पैसे पाठवण्याआधी भावाच्या जुन्या नंबरवर फोन करावा. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, कारण पैसे पुढे वळवले जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. माझ्या आईच्या फोनवर मी व्हॉट्सॲपचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (खाते दुसऱ्या फोनवर उघडताना पिन विचारणारी सोय) सुरू करून दिले, सहा अंकी पिन तिच्याकडूनच ठरवून घेतला आणि १९३० हा आकडा फ्रिजवर, गॅसच्या नंबरखाली, मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.