फ्रेंच-इंग्रजी सर्वनामं: लिंग मालकाचं की वस्तूचं?

‘तिचे वडील’ इंग्रजीत ‘हर फादर’ होतात, फ्रेंचमध्ये ‘सों पेर’. पण ‘सों पेर’ म्हणजे ‘त्याचे वडील’सुद्धा! मराठी माणसाचा गोंधळ इथेच सुरू होतो, कारण मराठी एकाच शब्दात दोन्ही लिंगं सांगते. ‘तिचा’मधल्या ‘ति’वरून मालकीण कळते, ‘चा’वरून वस्तूचं लिंग. इंग्रजी फक्त पहिली गोष्ट सांगते, फ्रेंच फक्त दुसरी.

म्हणून बोलण्याआधी शब्द मनातल्या मनात तोडा. ‘तिची खुर्ची’ घ्या. इंग्रजीसाठी ‘ति’कडे बघा, खुर्चीचं लिंग विसरा: ‘हर चेअर’. फ्रेंचसाठी ‘ति’ विसरा. ‘शेझ’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘सा शेझ’. ‘त्याची खुर्ची’ म्हणायचं असलं तरी ‘सा शेझ’च. ‘लिव्र’, म्हणजे पुस्तक, पुल्लिंगी. मग मालक कुणीही असो, ‘सों लिव्र’. पुस्तकं अनेक असली की ‘से लिव्र’. कुणाचं हे स्पष्ट करायचंच असेल तर शेवटी जोड द्या: ‘सों लिव्र आ एल’ म्हणजे तिचं पुस्तक, ‘सों लिव्र आ ल्वी’ म्हणजे त्याचं.

एक अपवाद सगळ्यांना फसवतो. ‘एकोल’ (शाळा) स्त्रीलिंगी आहे, तरी ‘सा एकोल’ म्हणत नाहीत. दोन स्वर एकमेकांना भिडतात, म्हणून तिथे ‘सों’ येतं आणि उच्चार होतो ‘सोंनेकोल’. त्यावरून शाळा पुल्लिंगी समजू नका. मध्ये व्यंजनाने सुरू होणारं विशेषण आलं की ‘सा’ परत येतं: ‘सा ग्रांद एकोल’.

नामाचं लिंग मराठीवरून ताडायला जाऊ नका. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ‘ल्यून’ स्त्रीलिंगी. घर नपुंसकलिंगी, ‘मेझों’ स्त्रीलिंगी. फ्रेंच नामांना नपुंसकलिंगच नाही. प्रत्येक नाम वहीत ‘अँ’ (पुल्लिंगी ‘एक’) किंवा ‘यून’ (स्त्रीलिंगी ‘एक’) लावून लिहा. ‘ल’ किंवा ‘ला’ (इंग्रजी ‘द’सारखे शब्द) लावून लिहिलंत तर स्वरापुढे दोन्हींचा नुसता ‘ल्’ उरतो आणि ‘लेकोल’वरून काहीच कळत नाही. शेवटांचीही मदत होते. ‘-स्यों’ने संपणारी नामं (‘नास्यों’) जवळजवळ सगळी स्त्रीलिंगी, ‘-आझ’ने संपणारी (‘व्वायाझ’, ‘फ्रोमाझ’) बहुतेक पुल्लिंगी; मात्र ‘पाझ’, ‘प्लाझ’, ‘इमाझ’ स्त्रीलिंगी आहेत, ती पाठच करा.

लिंग कळलं की सर्वनाम आपोआप येतं. इंग्रजीत टेबल ‘इट’. फ्रेंचमध्ये ते ‘एल’, म्हणजे ‘ती’. ‘पेर्सोन’ हा शब्दही स्त्रीलिंगी, मग तो पुरुषाबद्दल का असेना. आपणही पुरुषाबद्दल बोलताना ‘ती व्यक्ती आली’ म्हणतोच, त्यामुळे हा नियम मराठी कानाला सोपा जातो.

कर्माच्या जागी मात्र जपून. ‘त्याला पाहतो’, ‘तिला पाहतो’ यात ‘ल’ आणि ‘ला’ असा भेद राहतो, पण ‘त्याच्याशी बोलतो’ आणि ‘तिच्याशी बोलतो’ दोन्हींना एकच ‘झ ल्वी पार्ल’.

भूतकाळात मराठीची सवय अर्धीच कामी येते. ‘मी पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली’ असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, कर्म कुठेही असो. फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ साहाय्यक क्रियापद असताना कर्म आधी आलं तरच मुख्य क्रियापद बदलतं. ‘लेत्र’ (पत्र) स्त्रीलिंगी आहे. ‘झे एक्री ला लेत्र’ यात कर्म नंतर आहे, म्हणून ‘एक्री’ तसंच राहतं. ‘मी ते लिहिलं’ म्हणताना सर्वनाम क्रियापदाआधी येतं आणि वाक्य होतं ‘झ ले एक्रीत’. शेवटचा ‘त’ बहुतेक जण गाळतात. ‘मांझे’ (खाल्लं) अशा शब्दांत हा बदल फक्त लिहिताना दिसतो, ऐकू येत नाही, तिथे चुका लेखनातच सापडतात.

राहिला आदर. ‘बाबा आले, ते बसले’ या ‘ते’साठी इंग्रजीत ‘दे’ वापरू नका. ‘ही’च हवं, आणि फ्रेंचमध्ये ‘ईल’. एका माणसासाठीही ‘दे’ येतं, पण आदर म्हणून नव्हे: लिंग माहीत नसतं, सांगायचं नसतं किंवा त्या व्यक्तीने स्वतःसाठी ते निवडलेलं असतं तेव्हा. तेव्हाही क्रियापद ‘आर’च. समोरच्याशी बोलताना फ्रेंचमधलं ‘त्यू’ आणि ‘व्हू’ साधारण आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखं चालतं. फक्त एकाच बाईला ‘व्हू’ म्हणताना क्रियापद अनेकवचनी ठेवा आणि विशेषण एकवचनी स्त्रीलिंगी: ‘व्हूझेत कोंतांत’, म्हणजे ‘तुम्ही खूश आहात’.