रणगाड्यांच्या युद्धात घोडदळ उतरवायचंय? मग असं उतरवा

दुसऱ्या महायुद्धाचे वॉरगेम, म्हणजे नकाशावर लढायचे युद्धाचे खेळ, खेळणारे आणि स्वतःचे सिनारिओ, म्हणजे लढाईचे प्रसंग, बनवणारे सगळे, हे तुमच्यासाठी. आमच्या दादरच्या ग्रुपमध्ये पोलंडची किंवा रशियाची बाजू घेतली की पहिल्याच टर्नला घोडदळ थेट मशीनगनवर सोडतात, बघून जीव तुटतो, अहो असं नाही वापरत ते.

सगळ्यात आधी घोडा म्हणजे वाहन हे डोक्यात बसवा. स्वार घोड्यावरून पोचतो आणि उतरून लढतो. १ सप्टेंबर १९३९ला मोक्रा गावापाशी पोलिश घोडदळाच्या ब्रिगेडने जर्मनांची चौथी पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन दिवसभर रोखली ती ३७ मिमीच्या बोफोर्स तोफा, अँटी टँक रायफली आणि एका चिलखती ट्रेनच्या जोरावर. भाले घेऊन रणगाड्यांवर धावून गेले वगैरे सगळी अफवा.

पण उतरलात की साधारण चौघांतला एक घोडे धरून मागे थांबतो, म्हणजे फायरपॉवर पाव कमी, हे रूल्समध्ये कापाच.

मॅप निवडताना दलदल, जंगल, डोंगर, बर्फ बघा, जिथे ट्रक रुततो तिथेच घोड्याची किंमत. १९४४ला बेलारूसमध्ये सोव्हिएत जनरल प्लिएव्हच्या ग्रुपमध्ये रणगाडे आणि घोडदळ एकत्रच होतं, तसं करा, खिंडार रणगाडे पाडणार आणि स्वार रस्ता सोडून आत घुसून शत्रूची रसद तोडणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चारा, जो बहुतेक गेममध्ये कोणी धरतच नाही. एकदा नेरळला उतरून माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जा, गाड्या तिथेच थांबतात आणि पुढे घोडे. चढ चढून आलेल्या घोड्याचा तंग (खोगिराचा पट्टा) सैल करून, अंग जरा निवू देऊन, मग घोडेवाला तोंडाला तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, बांधतो, त्यात किती वेळ जातो ते नीट बघा. एका घोड्याला दिवसाला दाणा-वैरण मिळून दहाएक किलो आणि पाणी ३०-४० लिटर, म्हणजे हजार घोड्यांना रोजचे दहा टन! नुसत्या गवतावर राबणारा घोडा लवकर खंगतो, चंदी, म्हणजे दाणा, लागतेच. मराठी फौजा दसऱ्यानंतर मोहिमेवर निघायच्या त्यात पावसाळ्यानंतर मिळणारा चारा हेही कारण होतंच की.

स्वारांना रेडिओ द्याच. २००१ला अफगाणिस्तानात तिथला सेनानी दोस्तम याच्या स्वारांबरोबर अमेरिकन स्पेशल फोर्सेस घोड्यावरून फिरत विमानांना टार्गेट दाखवत होते, माझ्या मते घोडदळाचा आधुनिक वापर असावा तर असा. छोट्या तुकड्या, हलक्या मॉर्टर (उखळी तोफा), हालचाल रात्री, दिवसा झाडीत.

सिनारिओ ड्रोनच्या काळातला असेल तर स्वार काढूनच टाका, थर्मल कॅमेऱ्यात घोड्याचं गरम अंग लांबून दिसतं, फक्त रसदीसाठी खेचरं ठेवा आणि तीही पाच-सहाच्या टोळीत, अंतर सोडून.