धडधड होते? आधी ईसीजी पकडा, मग पुढचं बोलू

सहा वर्षं मला सगळे गॅस गॅसच म्हणून राहिले होते. व्हायचं असं की नागपूरच्या बर्डीवर भाजी घेता घेता कोणी खटका दाबावा तशी धडधड सुरू व्हायची, ठोके पार गळ्यात जाणवायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तसंच खटकन बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, आणि घरचे म्हणणार तू टेन्शन फार घेतेस.

तर ज्यांचं असं होऊन राहिलं त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, आणि घरात सासरे दुसऱ्या प्रकारच्या ठोक्यांचे पेशंट आहेत. दोघांची ट्रीटमेंट एकमेकांशी अजिबात जुळत नाही, आणि तोच मुद्दा आहे. ठोके बिघडणं हा एकच आजार नसतो. कोणाचा मधेच एखादा ठोका चुकतो, तो बरेचदा निरुपद्रवी असतो. कोणाला माझ्यासारखा एसव्हीटी, म्हणजे एकदम दीडशे-दोनशेच्या स्पीडने पण एका तालात. कोणाला एट्रियल फिब्रिलेशन, त्यात ताल नावाची गोष्टच राहत नाही. कोणाचे ठोके उलटे फारच हळू, त्यांना पेसमेकर. यातलं तुमचं कोणतं ते नक्की कळतं ठोके बिघडलेले असतानाच काढलेल्या ईसीजीवरून.

म्हणून पहिलं काम, घराजवळ आणि ऑफिसजवळ रात्री-बेरात्री बारा लीडचा, म्हणजे छाती आणि हातापायांना वायरी लावून काढतात तो, ईसीजी कुठे निघतो ते आजच विचारून ठेवा. धडधडीचा अटॅक आला की थेट तिथे जायचं, स्वतः गाडी चालवत नाही, कोणीतरी नेलं पाहिजे, आणि काउंटरवर कागदपत्रं भरत बसण्याआधी सांगायचं की आत्ता धडधड सुरू आहे, आधी ईसीजीची पट्टी काढा.

माझी पट्टी सहाव्या वर्षी एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री अकराला निघाली, ठोके १९०. आमच्या ह्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ती जपून ठेवायला लॅमिनेशनला घेऊन गेले. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, मशीनमधून बाहेर आला तो काळाकुट्ट, तव्यावर विसरलेल्या पापडासारखा. बाप्पा! फोटो काढला नव्हता. पुढचा अटॅक पकडायला आठ महिने गेले. तेव्हा पट्टी हातात आली की उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, त्यावरची तारीख-वेळ दिसली पाहिजे, आणि घरातल्या दोघांना पाठवून द्या. लॅमिनेशन नाहीच, आणि नुसती फाईलला लावली तरी दोन-चार वर्षांत ती फिकी पडते.

होल्टर म्हणजे २४ तास छातीला वायरी लावून फिरायचं मशीन. रोज त्रास होत असेल तर उत्तम, पण महिन्यातून एकदा होत असेल तर एका दिवसात काय सापडणार, माझा दोनदा नॉर्मलच आला. होल्टर नॉर्मल म्हणजे काही नाही असं कोणी म्हटलं तर सात किंवा चौदा दिवस छातीवर चिकटवून ठेवायचा पॅच लावता येईल का विचारा. ईसीजीवालं स्मार्टवॉच असेल तर त्याची पीडीएफ दाखवा, डॉक्टर बघतात, पण त्यावरून आपलं आपण निदान करू नका. सोबत २डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम हे होतंच, कारण कधी कधी सगळा घोळ थायरॉइडचा किंवा रक्त कमी असल्याचा निघतो.

नाडी पूर्ण साठ सेकंद मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आणि डॉक्टरांना धडधड होते एवढंच न सांगता टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा, टकटकटकटक होतं की टक... टकटक... टक असं. एकदम सुरू होतं की हळूहळू वाढतं, हेही सांगा.

हे सगळं जिवाला धोका नसताना बरं का. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा चक्कर येऊन पडलात, तर १०८. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा पळताना-खेळताना तुमची शुद्ध हरपली असेल तर न विचारता पहिल्याच भेटीत सांगा.

आता डॉक्टर. धंतोली-रामदासपेठेत हार्टवाले दर दहा पावलांवर आहेत, पण ब्लॉकेज बघणारे वेगळे आणि ठोके बघणारे वेगळे, त्यांना इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात. नळ गळतो तर प्लंबर, फ्यूज उडतो तर वायरमन, तसं. बाहेरगावचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येत असतील तर ते गेल्यावर फॉलोअप कोण बघणार हे आधी विचारा. पैशाचं म्हणाल तर मेडिकलचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे चौकशी करा, आणि महात्मा फुले योजनेत तुमचं प्रोसिजर बसतं का ते हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

सासऱ्यांचं एट्रियल फिब्रिलेशन. त्यांना धडधड फारशी जाणवतच नाही, आणि तीच भीती, कारण यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, लकव्याचा धोका साधारण पाचपट. म्हणून रक्त पातळ करायची गोळी. अ‍ॅस्पिरिन त्याची जागा घेत नाही, हे शेजारच्या काकांना कितीदा सांगितलं मी. सासऱ्यांची हृदयाची झडप जुन्या संधिवाताच्या तापाने आकसलेली, म्हणून नवीन गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफरिनच्या जातीचीच लागते आणि रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. पालक-मेथी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची. गुडघे दुखले म्हणून केमिस्टकडून परस्पर पेनकिलर आणायची नाही. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी सांगायचं, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आयएनआरचा आकडा आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच लिहितो. कोणाला ठोके ताळ्यावर ठेवणारी अमिओडेरॉन सुरू असेल तर थायरॉइड आणि लिव्हर तपासत राहा, आणि त्या गोळीने ऊन बाधतं, मे महिन्यातल्या नागपुरात दुपट्टा-टोपीशिवाय निघूच नका.

उन्हाळ्याचं अजून एक. ४५ डिग्रीत घाम जाऊन पाणी-क्षार कमी झाले की ठोके चाळवतात. पाणी प्या, पण हार्ट कमजोर म्हणून पाण्यावर लिमिट दिली असेल तर डॉक्टरांना विचारून. जागरण, दारू, जोरदार घोरणं यांचाही वाटा आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी पण ठोके वाढतात. चहा मात्र मला कोणी बंद करायला लावला नाही.

एसव्हीटी पक्का निघाला असेल तर घरी करायचा एक उपाय डॉक्टरांकडून शिकून घ्या. १० एमएलची बिनसुईची सिरिंज, अर्धवट बसून तिच्यात १५ सेकंद इतक्या जोरात फुंकायचं की दांडा जेमतेम हलेल, मग लगेच सपाट झोपायचं आणि दुसऱ्याने पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या चाचणीत याने ४३ टक्के लोकांचे ठोके जागेवर आले, नुसतं बसून फुंकण्याने १७ टक्के. मानेची शीर मात्र घरी दाबू नका.

शेवटी मी अ‍ॅब्लेशन केलं. आधी महिनाभर घाबरले, काय तर हृदय जाळणार म्हणे. जांघेतून तारा जातात, तिथली जागा सुन्न करतात, मी जागी होते आणि त्या खोलीतल्या एसीने कुडकुडत होते. मग ते मुद्दाम ठोके वाढवतात, आणि सहा वर्षं ज्याच्यामागे पळत होते ते स्क्रीनवर सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हेच न? मी म्हटलं, हाव, हेच. ती जादाची वाट शोधून टोकाएवढी जागा तापवून बंद केली. माझ्या प्रकारात शंभरात पंचाण्णवच्या वर यश मिळतं, आणि शंभरात एखाद्याला पेसमेकर लागायची वेळ येऊ शकते, हे दोन्ही सही करायच्या आधी विचारून घ्या. नंतर पाय काही तास सरळ ठेवून पडून राहायचं, कंबर ठणकते. पुढचे काही आठवडे अधूनमधून ठोका चुकल्यासारखं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं, पंधरा दिवसांत दोनदा ईसीजी काढायला पळाले. दोन्ही नॉर्मल. दोन्हीचे फोटो फोनमध्ये आहेत.